वसईच्या घंटा आणि आपले कासे
(समाजाच्या वर्धा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला आज येथे बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी कोणी संशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीचा पेशा पत्करला, तीसपस्तीस वर्षे मुलांना इतिहास-भूगोल शिकविला आणि निवृत्तीनंतर वाचनाचा जुना नाद पुरवीत बसलो, एवढेच माझे भांडवल. तथापि आजच्या सर्वसाधारण सभेपुढे एक प्रश्न येणार आहे आणि त्या प्रश्नाचा विचार करताना जे वाचले, पाहिले ते आपणापुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा विषय घेतला.

प्रश्न आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या कालिकामातेच्या मंदिरातील जुनी घंटा गेल्या नवरात्रात तडकली. पूर्वी जिचा नाद पेठेच्या टोकापर्यंत जाई, ती आता बद्द वाजते. ती मोडीत घालून येणाऱ्या पैशांत विजेवर चालणारे आरतीचे यंत्र घ्यावे, अशी एक सूचना आहे. नवी पितळी घंटा घ्यावी, अशी दुसरी. जुनीच दुरुस्त करावी, असे म्हणणारे थोडे आहेत; त्यांत मी एक. पण केवळ जुन्याच्या मायेने मी हे म्हणत नाही. माझे कारण नीट सांगावयाचे तर आधी आपणांस थोडे दूर, अरबी समुद्राच्या काठी, वसईस नेले पाहिजे.

वसईचा कोट गुजरातच्या बहादूरशहाने इ. स. १५३४ च्या तहान्वये पोर्तुगीजांस दिला. तेथून पुढे दोनशे पाच वर्षे त्यांचे राज्य तेथे होते. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या पंथांचे मठ आणि चर्चे उभी राहिली. सेंट जोसेफचे मोठे चर्चही तेथेच. कोटाबाहेर साष्टी, वसई व आगाशीच्या मुलखात गावोगावी चर्च झाले आणि चर्च म्हटले की घंटा आलीच. ख्रिस्ती लोकांत प्रातःकाळी, माध्यान्ही व सायंकाळी घंटा वाजवून प्रार्थनेची आठवण देण्याचा परिपाठ आहे. लग्नाला घंटा, मयताला घंटा, आग लागली तरी घंटा. ज्या काळी कोणाच्या मनगटावर घड्याळ नव्हते, त्या काळी साऱ्या गावाचा दिवस त्या एका धातूच्या आवाजावर चाले. नवी घंटा चर्चमध्ये चढविण्यापूर्वी धर्मगुरू तिला पवित्र जलाने न्हाऊ घालून आशीर्वाद देत, पुष्कळदा एखाद्या संताचे नावही तिला ठेवीत. आपण घंटेला गंध-फूल वाहून मगच पूजेस आरंभ करतो, त्याच भावनेचे हे दुसरे रूप होय.

पोर्तुगीजांच्या अमलात हिंदू प्रजेला धर्माच्या बाबतीत फार सोसावे लागले, ही इतिहासातील सिद्ध गोष्ट आहे. त्या गाऱ्हाण्यांतून व राजकीय गरजेतून पेशव्यांची वसईची मोहीम निघाली. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी इ. स. १७३९ च्या फेब्रुवारीपासून वसईस वेढा घातला. दलदल, खाडी आणि भक्कम तट यांच्याशी झुंजत मराठ्यांनी सुरुंग लावून बुरूज उडविले, हजारो माणसे खर्ची पडली आणि १६ मे १७३९ रोजी तह होऊन कोट हाती आला. पराभूत सैन्याला सन्मानाने बाहेर पडू देण्याचे व मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना त्यांच्या धर्माप्रमाणे वागू देण्याचे कलम त्या तहात होते. विजयानंतर वज्रेश्वरी देवीचे मंदिर बांधण्यात आले. त्याविषयीची अप्पांच्या नवसाची कथा ठाणे जिल्ह्यात आजही सांगतात.

या विजयात जी चीजवस्तू मराठ्यांच्या हाती आली, तीत चर्चच्या मोठमोठ्या घंटाही होत्या. त्या घाट चढून देशावर आल्या आणि देवस्थानांत वाहण्यात आल्या. भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगापुढे अशी घंटा आहे. अष्टविनायकांपैकी पालीच्या बल्लाळेश्वराच्या मंदिरात आहे. पुण्याच्या ओंकारेश्वरातील घंटा वसईचीच म्हणून सांगतात. नाशिकला पंचवटीत इ. स. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी रामेश्वराचे जे मंदिर बांधले, त्याच्या दर्शनी भिंतीवर टांगलेल्या प्रचंड घंटेचा संबंधही वसईच्या विजयाशी जोडला जातो आणि ते सारे देऊळच नारोशंकराची घंटा या नावाने ओळखले जाऊ लागले. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावर, शिवमंदिरापुढे जी घंटा आहे, ती तर या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध. तिच्यावर १७०७ हे साल आहे, वजन सुमारे साडेसहाशे किलो सांगतात. जुन्या मापाने सतरा-साडेसतरा मण! रेल्वे नाही, पक्की सडक नाही, अशा काळात एवढा एक नग समुद्रकाठाहून सह्याद्री ओलांडून कृष्णाकाठी आला, ही गोष्ट आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणावी.

बंधूंनो, या मेणवलीच्या घंटेवर काय कोरलेले आहे? बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मरियेची मूर्ती. शिवालयासमोरील घंटेवर मरियामाता! ती मूर्ती कोणी कानशीने घासून काढली नाही, छिन्नीने तोडली नाही. सुमारे अडीच शतके घाटावर येणारा भाविक तीच घंटा वाजवून महादेवाला जाग देतो. त्या मूर्तीने महादेवाला काही उणे आले असे कोणास वाटले नाही.

याचे महत्त्व समजावयाचे तर जगात अन्यत्र घंटांचे काय झाले ते पाहिले पाहिजे. घंटा आणि तोफ या एकाच धातुकुळीच्या बहिणी आहेत. दोन्ही तांबे व कथील यांच्या मिश्रणाच्या. तोफेत कथील शेकडा दहाच्या आसपास, घंटेत वीस-बावीस; एवढाच भेद. त्यामुळे युद्ध आले की राजांची नजर पहिल्याने घंटांवर जाई. फ्रेंच राज्यक्रांतीत तेथील चर्चच्या हजारो घंटा वितळवून त्यांच्या तोफा व नाणी पाडली. पॅरिसच्या नोत्र दाम या महामंदिराच्याही बहुतेक घंटा त्या वेळी गेल्या. जर्मनांनी १८७०-७१ च्या युद्धात फ्रेंचांच्या तोफा जिंकल्या आणि त्यांच्यापासून कोलोन शहरच्या चर्चसाठी एक अजस्र घंटा ओतली. पुढे १९१८ साली पहिल्या महायुद्धासाठी तीच घंटा वितळवावी लागली. दुसऱ्या महायुद्धात तर नाझी राजवटीने युरोपभरातून दीड लाखाहून अधिक घंटा उतरवून नेल्या आणि त्यांतील बहुतेक भट्टीत गेल्या.

मराठ्यांनाही तोफांची गरज काही कमी नव्हती. सर्वच घंटा वाचल्या असतील असा माझा दावा नाही. वाचल्या त्यांच्याविषयीच आपणांस बोलता येते. पण ज्या वाचल्या, त्या देवाच्या दारी गेल्या म्हणून वाचल्या, हे निर्विवाद होय. घंटेचे काम तिच्याकडून काढून घेतले नाही. ती पूर्वी ज्या कामी होती त्याच कामी, माणसाला देवापुढे बोलावण्याच्या कामी राहिली.

परंतु एवढे बोलून थांबणे हे अर्धे सत्य सांगण्यासारखे होईल. घंटा जिंकून आणणाऱ्याला ती विजयाची खूण. ज्यांच्या गावातून ती गेली त्यांचे काय? वसई परिसरात राहिलेले ख्रिस्ती बांधव कोणी परदेशी नव्हते. ते याच मातीतले. त्यांच्या घरात मराठीच्याच बोली. याच वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते, हे आपणांस स्मरत असेल. त्या समाजाच्या पूर्वजांनी एके दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी कान टवकारले असतील आणि आवाज आला नसेल. तो मुका दिवसही या इतिहासाचाच भाग आहे. म्हणून ज्या देवस्थानांत या घंटा आहेत, त्यांच्यावर दुप्पट जबाबदारी आहे असे मी मानतो. आपली वस्तू हलगर्जीने बिघडली तर नुकसान आपले होते. दुसऱ्याच्या घरातून आलेली वस्तू बिघडली तर नुकसान दोघांचे होते.

घंटेने घर बदलल्याची आणखी एक हकीकत गोव्याची आहे. जुन्या गोव्यात टेकडीवर ऑगस्टिनियन पंथाचे एक भव्य चर्च होते. इ. स. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मपंथांचे मठ बंद केले, चर्च ओस पडले, १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली आणि आज तेथे उंच मनोऱ्याचा एक भग्न भाग तेवढा उभा आहे. तेथील मोठी घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या किल्ल्यातील दीपस्तंभावर गेली. तेथे तिने दर्यावर्दी लोकांची सेवा केली. नंतर १८७१ साली पणजीच्या चर्चवर तिची स्थापना झाली. सव्वादोन टनांची ही घंटा गोव्यातील दुसऱ्या क्रमांकाची. पहिला क्रमांक जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या सोनेरी घंटेचा. मंदिर पडले तरी घंटा वाजत राहिली; जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ मला या हकीकतीत सर्वांत स्वच्छ दिसतो.

पुण्यात पंचहौदाचे चर्च आहे. तेथील मिशनमध्ये १८९० साली टिळक, रानडे प्रभृतींनी घेतलेल्या चहाने केवढे ग्रामण्य उठले, ते आपण वाचले आहेच. त्या चर्चच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडातील लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यातून आलेल्या आठ घंटा आहेत, चढत्या-उतरत्या स्वरांत मेळविलेल्या. मुंबईस कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही त्याच कारखान्याच्या आठ घंटा १९०४ साली आल्या. या घंटा तुळईला पक्क्या बांधलेल्या नसतात. प्रत्येकीस मोठे चाक असते आणि दोराने चाक फिरविले की घंटा स्वतः झोका घेते. आपल्याकडे घंटा स्थिर आणि लोलक हालतो. त्यांच्याकडे घंटाही हालते आणि लोलकही. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आता आपल्या घरच्या विद्येकडे वळू. आपण कासार. आपले नावच काशावरून पडले. कासे म्हणजे तांबे आणि कथील. अठ्ठ्याहत्तर भाग तांबे व बावीस भाग कथील, हे युरोपातील घंटेचे प्रमाण आणि आपल्या काशाच्या वाटीचे प्रमाण जवळजवळ एकच आहे. ज्या वाटीने आपली आजी उन्हाळ्यात तळपायाला तूप चोळीत असे, ती वाटी बोटाने टिचकी मारून पाहा. वसईच्या घंटेचा नाद त्या टिचकीत लहान रूपाने ऐकू येईल. पितळेत कथिलाऐवजी जस्त असते. ते दिसायला सोन्यासारखे, घडवायला सोपे, किमतीलाही स्वस्त. पण त्याचा आवाज लवकर विझतो. काशाचा नाद रेंगाळतो, विरत विरत जातो. फार काय, आपल्या भाषेतील तास हा शब्दसुद्धा या धातूचाच. तास म्हणजे मुळात टोल देण्याची धातूची थाळी. तिच्यावर टोल पडे म्हणून वेळेच्या त्या मापालाच तास म्हणू लागले. मी ज्या शाळांत होतो तेथे कोठे पितळी तास होता, कोठे नुसता रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. पण मुले त्यालाही घंटाच म्हणत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घंटा ओतणे हे काम बहुतांशी आपल्या ओतारी बांधवांचे. आपण कासार भांडी विकली, घडविली. तांबट बांधवांनी ठोकून रूप दिले. पण मातीचा गाभा करून, त्यावर मेणाचा थर देऊन, वर पुन्हा मातीचा साचा चढवून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत मुशीतील रस ओतण्याची विद्या ओताऱ्याची. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन घंटेत बुडबुडे राहतात आणि रस घाईने निवला तर ती आतल्या आत ताणते. या दोन्ही दोषांची फळे पन्नास वर्षांनंतरही तड्याच्या रूपाने बाहेर येतात. ही माणसे आता थोडी उरली आहेत. यंत्राच्या भांड्यांनी आपला बाजार नेला तसा त्यांचाही नेला. भंडारा जिल्हा एके काळी पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. तेथील कितीतरी भट्ट्या विझल्या. इंग्लंडातही निराळे नाही. लंडनचा व्हाइटचॅपल येथील १५७० सालापासूनचा घंटांचा कारखाना २०१७ साली बंद पडला.

काशाचा गुण तोच त्याचा दोष. कथील जास्त म्हणून तो गातो आणि कथील जास्त म्हणूनच तो ठिसूळ. लोखंड वाकते, पितळ दबते, कासे तडकते. तडकलेल्या घंटेचे काय करावे, याचे दोन जगप्रसिद्ध दाखले आपणांस सांगतो. आपला निर्णय त्यांवरूनच सुचावा.

पहिला दाखला लंडनच्या पार्लमेंटवरील बिग बेनचा. ही घंटा प्रथम १८५६ साली ओतली, ती चाचणीतच फुटली. तोच धातू वितळवून १८५८ मध्ये व्हाइटचॅपलला पुन्हा ओतली. १८५९ च्या सप्टेंबरात तिलाही तडा गेला. चार वर्षे ती गप्प होती. शेवटी जाणत्यांनी उपाय काढला तो असा : तड्याच्या टोकाशी लहानसा चौकोनी तुकडा कापून तडा पुढे जाण्याची वाट बंद केली, घंटा आठवा हिस्सा फिरवून टोल नव्या जागी पडेल असे केले, आणि हातोडा हलका बसविला. झाले! तडा आजही आहे, आणि घंटाही आजतागायत वाजते आहे.

दुसरा दाखला अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरातील स्वातंत्र्यघंटेचा. तीही व्हाइटचॅपलची, १७५२ साली आली, पहिल्याच ठोक्यास तडकली, म्हणून तेथील दोघा ओताऱ्यांनी १७५३ मध्ये ती पुन्हा ओतली. कित्येक वर्षांनी तिला पुन्हा बारीक चीर गेली. चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात म्हणून आवाज बद्द होतो. तेव्हा कडा घासूच नयेत म्हणून १८४६ साली चीर कानशीने मुद्दाम रुंद केली. उपाय शास्त्राला धरून होता. पण वॉशिंग्टनच्या जयंतीस घंटा वाजविली आणि दुसरी चीर वरपर्यंत गेली. तेव्हापासून ती मुकी आहे. मात्र अमेरिकन लोकांनी ती मोडीत घातली नाही. मुक्या घंटेचे दर्शन घ्यायला लाखो लोक जातात.

दोन्ही दाखल्यांवरून काय निष्पन्न होते? तडा म्हणजे मृत्यू नव्हे. आधी घंटेचा भार कमी करावा, टोलाची जागा बदलावी आणि धातूला हत्यार लावावयाचे ते शेवटी व जपून. एक तिसरा उपायही आहे, डाग देण्याचा. जर्मनीत नॉर्डलिंगेन येथे अशा घंटा सांधतात. पण तेथे सारी घंटा भट्टीत हळूहळू तापवितात, त्याच जातीचा धातू तड्यात भरतात आणि हळूहळू निववितात. आपल्या स्टेशन रोडवरील वेल्डिंगवाल्याने थंड घंटेवर ठिणग्या पाडल्या तर एक तडा बुजेल आणि चार नवे उठतील. फ्रान्समध्ये १५ एप्रिल २०१९ ला नोत्र दामला आग लागली. तिच्यानंतर उत्तरेकडील मनोऱ्यातील घंटा उतरवून, स्वच्छ करून, दुरुस्त करून २०२४ मध्ये पुन्हा चढविल्या आणि त्या वर्षीच्या ८ नोव्हेंबरला त्यांचा नाद पुन्हा ऐकू आला. त्या समारंभात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की, एकेका घंटेस नाव होते आणि लोक त्यांना नावाने ओळखत होते.

आता त्या भेदाकडे येऊ. चर्चची घंटा झोका घेते, लोलक तिच्या दोन्ही अंगांना लागतो. आपल्या मंदिरात ती स्थिर टांगली आणि शेकडो वर्षे भाविक एकाच दिशेने येऊन लोलक एकाच जागी आपटीत राहिला, तर त्या जागी खळगा पडतो, धातू थकतो आणि अखेर तेथेच तडा जातो. म्हणून जुन्या मोठ्या घंटा अधूनमधून चौथा हिस्सा फिरवाव्यात, हे जगभरच्या घंटावाल्यांचे साधे शहाणपण आहे. आपल्याकडील घंटांची आणखीही काही दुःस्थिती होते. उत्सव आला की तैलरंग फासतात. रंगाच्या थरांनी नाद कोंडतो आणि कोरलेली अक्षरे बुजतात. चकाकी यावी म्हणून तेजाब लावतात. त्याने धातू खातो. दात्याची नावे घासून घासून जातात. लोलकाला लोखंडी जड गोळा जोडतात. त्याचा घाव कासे सोसू शकत नाही. हे सारे भक्तीनेच होते, द्वेषाने नव्हे. पण घंटेला त्यातला फरक कळत नाही.

आपली घंटा मी स्वतः शिडी लावून पाहिली आहे. तिच्या ओठापासून वर सुमारे चार बोटे तडा आहे आणि तो लोलक आपटतो नेमक्या त्याच जागी आहे. आतून खळगा हाताला लागतो. बाहेरच्या अंगाला रंगाखाली मोडी अक्षरे आहेत. आपल्याच एखाद्या पूर्वजाचे नाव, कदाचित शकही, त्यात असेल. मोडीवाला जो भाव देईल त्यात ही अक्षरे येत नाहीत. आणि विजेचे यंत्र? ते अचूक वाजते, दमत नाही, हे मला मान्य. आरतीला चार माणसे जमत नाहीत म्हणून यंत्र हवे, असे तरुण मंडळी म्हणतात. त्यांची अडचणही खोटी नाही. पण चार माणसे जमत नसतील तर दुखणे माणसांच्या न जमण्यात आहे. यंत्राने ते दुखणे बरे होत नाही. झाकले मात्र जाते.

घंटा वाजविण्याला याच गावात केवढा अर्थ आहे, हे वर्धेकरांना सांगावयास नको. शेठ जमनालाल बजाज यांनी १९२८ साली येथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर हरिजनांस खुले केले. ज्या माणसाला पिढ्यान्पिढ्या देवळाच्या पायरीवरूनच दुरून आवाज ऐकावा लागला, त्याने आत जाऊन स्वतःच्या हाताने घंटा वाजविणे म्हणजे काय, याचा विचार करा. घंटेचा दोर हाती येणे हा अधिकार आहे. तो अधिकार मिळविण्यासाठी काहींनी लढा दिला. आणि आपण तो एका खटक्याच्या स्वाधीन करावयास निघालो आहोत.

तेव्हा माझी सभेला विनंती अशी आहे.

पहिली गोष्ट, आजपासून घंटा वाजविणे थांबवावे. प्रत्येक टोलाने तडा केसभर वाढतो. दुसरी, रंग कोणत्याही तेजाबाविना, सावकाश उतरवावा, अक्षरांचा कागदावर ठसा घ्यावा, वजन व मापे नोंदवावीत आणि मोडी जाणणाऱ्याकडून ती वाचून घ्यावीत. तिसरी, जुन्या जाणत्या ओताऱ्याला बोलावून त्याच्या सल्ल्याने घंटा चौथा हिस्सा फिरवावी, लोलक हलका करावा व तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडावे. एवढ्याने ती पूर्वीसारखी गाईलच, असे वचन मी देत नाही. बिग बेनसारखे यश येईल किंवा स्वातंत्र्यघंटेसारखे अपयश. यश आले तर उत्तम. न आले तर ती सभामंडपात मानाने ठेवावी आणि पूजेसाठी खऱ्या काशाची, भले लहान असेना, पण नवी घंटा ओतवावी. तिच्यावर जुन्या घंटेची अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. खर्चाचा प्रश्न उठेल. माझ्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम मी आजच कोषाध्यक्षांच्या हवाली करीत आहे. ती फार मोठी नाही, परंतु आरंभास पुरे.

आणखी एक. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आपल्या आठही तालुक्यांत समाजाची घरे आहेत. आपल्या मुलामुलींनी येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या गावची देवळे, चर्चे व शाळा पाहून जुन्या घंटांची एक यादी करावी. घंटा कोणत्या धातूची, तिच्यावर काय कोरले आहे, आवाज स्वच्छ की बद्द, एवढेच लिहावे. यादी करताना देऊळ कोणाचे आणि चर्च कोणाचे हे विचारू नये. धातू ओळखणे हा आपला पिढीजात धंदा. त्याला जात विचारण्याची सवय कधीच नव्हती. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत ती यादी छापावी. भांड्यांची दुकाने गेली तरी कासार हे नाव सार्थ ठेवण्याचा हा एक मार्ग मला दिसतो.

ज्यांनी वसई जिंकली ते लढवय्ये होते, पंडित नव्हते. तरी परक्या देवाची मूर्ती कोरलेली घंटा त्यांनी जशीच्या तशी आपल्या देवापुढे टांगली. तिच्या मोडीचा भाव त्यांनी विचारला नाही. आपण तर धातूच्या जातिवंत जाणकारांचे वंशज. आपल्याच आईच्या देवळातील, आपल्याच पूर्वजाच्या नावाची घंटा आपण काट्यावर घालावी, हे आपणांस शोभणार नाही, एवढेच मला सुचवावयाचे आहे. निर्णय सभेचा आहे आणि तो काहीही झाला तरी मी तो मानीन.